फ्लो ट्रान्समीटरचे दिवे आणि आकडे कसे वाचावेत

गाळप हंगामात मिल हाउसकडून बॉयलिंग हाउसकडे जाणाऱ्या रसाच्या पाइपवर, इंबिबिशनच्या (चोयट्यातला उरलेला रस काढण्यासाठी शिंपडायच्या) पाण्याच्या पाइपवर, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाइपवर आणि कृष्णाकाठच्या जॅकवेलमध्ये (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीत) एकाच जातीचे उपकरण बसवलेले असते, ते म्हणजे फ्लो ट्रान्समीटर, पाइपमधला प्रवाह मोजून तो आकडा नियंत्रण कक्षाकडे पाठवणारे. सांगली जिल्ह्यातील साखर कारखाने, आसवन्या, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील लहानमोठे उद्योग आणि पाणीपुरवठा योजना या सर्वांचा रोजचा हिशेब याच उपकरणाच्या आकड्यांवर चालतो. तरीही पाळीवर आलेला नवा मेकॅनिक त्याच्याकडे पाहतो तो बहुधा एकाच दृष्टीने: हिरवा दिवा लागला आहे ना, मग ठीक आहे. हा लेख त्या सवयीसाठी लिहिला आहे. हिरवा दिवा एवढेच सांगतो की उपकरणाला स्वतःमध्ये काही बिघाड आढळलेला नाही. पाइपमधून खरोखर किती रस किंवा पाणी गेले आणि तो आकडा नियंत्रण कक्षापर्यंत जसाच्या तसा पोहोचला का, हे पाहण्यासाठी दिवे, पडदा, मिलिअँपिअर (आकडा वाहून नेणारा करंट), पल्स (ठरावीक लिटरमागे एक विद्युत ठोका) आणि मॉडबस (आकडे पाठवण्याची डिजिटल पद्धत) या पाचही ठिकाणचे वाचन एकमेकांशी जुळवावे लागते. आपल्याकडे सर्वांत जास्त वापरात असलेला विद्युतचुंबकीय फ्लो मीटर डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या सांगितल्या आहेत. दिवे आणि सिग्नल यांविषयीचे बहुतेक सर्व इतर प्रकारांनाही लागू पडते.

पहिली पायरी: झाकणाला हात लावण्यापूर्वी

प्रथम उपकरणावरची नावपट्टी वाचावी आणि वहीत उतरवून घ्यावी. त्यात टॅग क्रमांक (उपकरणाचा ओळख क्रमांक), पाइपचा व्यास, मोजमापाची मर्यादा, पुरवठा २३० व्होल्ट एसी आहे की २४ व्होल्ट डीसी, आणि कोणकोणते आउटपुट उपलब्ध आहेत, एवढ्या गोष्टी हव्यातच. ट्रान्समीटर सेन्सरपासून वेगळा, भिंतीवर बसवलेला असेल तर सेन्सरच्या पट्टीवरचा कॅलिब्रेशन फॅक्टर (त्या सेन्सरचा ठरलेला गुणक) आणि ट्रान्समीटरच्या मेन्यूत भरलेला फॅक्टर एकच आहे का, ते याच वेळी पाहावे. हंगामापूर्वीच्या दुरुस्तीत दोन मीटरच्या ट्रान्समीटरांची अदलाबदल झाली तर सगळे दिवे हिरवे राहतात, सगळे आउटपुट एकमेकांशी जुळतात आणि तरीही प्रत्येक आकडा चुकीचा असतो. अशी चूक पुढच्या कोणत्याही पायरीत सहज सापडत नाही, म्हणून ती येथेच पकडावी लागते.

नियंत्रण कक्षाला कळवल्याशिवाय काम सुरू करू नये. त्या प्रवाहाच्या आधारे एखादा व्हॉल्व्ह किंवा पंप आपोआप चालत असेल, तर ऑपरेटरने तो लूप (आपोआप चालणारी नियंत्रणाची साखळी) मॅन्युअलवर घेतल्याचे सांगितल्यानंतरच वायर सोडवावी. आसवनीच्या आवारात अल्कोहोलची वाफ असू शकते. तेथील ज्वालारोधक झाकण पुरवठा चालू असताना उघडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या भागात परवानगीपत्र घेऊन, पुरवठा बंद करून आणि उपकरणाच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबूनच झाकण उघडावे.

दुसरी पायरी: दिवे वाचणे

ट्रान्समीटरसमोर पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून उभे राहावे. ओझरत्या नजरेला स्थिर वाटणारा दिवा दहा-पंधरा सेकंदांतून एकदा मालवत असतो, आणि नेमकी तीच खूण महत्त्वाची असते. प्रत्येक दिव्याविषयी तीन गोष्टी लिहाव्यात: रंग कोणता, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, आणि लुकलुकत असेल तर एका झुबक्यात किती वेळा. काही उपकरणे बिघाडाचा क्रमांक लुकलुकण्याच्या संख्येतूनच सांगतात. तीन वेळा लुकलुकून थांबणे आणि पाच वेळा लुकलुकून थांबणे यांचे अर्थ वेगळे असतात आणि ते त्या-त्या पुस्तिकेतच मिळतात.

रंगांचे अर्थ मात्र पुष्कळसे ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६००७३ या मानकानुसार यंत्रावरचा हिरवा दिवा सर्वसाधारण स्थिती, पिवळा असाधारण स्थिती, लाल धोका किंवा बिघाड, निळा अनिवार्य कृती दाखवतो आणि पांढऱ्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. प्रक्रिया उद्योगांतील उपकरणांसाठी नामूर या संघटनेची एनई १०७ ही शिफारस आणखी नेमकी आहे. तिने उपकरणाच्या तक्रारींचे चार वर्ग केले आहेत. लाल रंग आणि एफ हे अक्षर म्हणजे बिघाड, आउटपुटवर विश्वास ठेवू नये. नारिंगी आणि सी म्हणजे तपासणी चालू आहे, आउटपुट तात्पुरते खरे नाही. पिवळा आणि एस म्हणजे उपकरण त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर काम करत आहे. निळा आणि एम म्हणजे आकडा अजून खरा आहे, पण देखभाल लवकर करावी लागेल. पडद्यावर ही अक्षरे दिसत असतील तर रंग ओळखण्याची गरजही उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: अनेक जुनी आणि स्वस्त उपकरणे या शिफारशीच्या आधीची किंवा तिच्याबाहेरची आहेत, आणि त्यांत पिवळा दिवा केवळ पल्स जात असल्याची खूणही असू शकतो. म्हणून समोरच्या मॉडेलच्या पुस्तिकेतील दिव्यांच्या पानाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून लावून ठेवावी. माझ्या मते दीडशे पानी पुस्तिकेतले हे एक पान रात्रपाळीत उरलेल्या सगळ्या पानांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पुरवठा खंडित होऊन परत आल्यावर बहुतेक ट्रान्समीटर स्वतःची तपासणी करतात. त्या काळात सगळे दिवे एकदम लागतात, लाल दिवाही लागतो, आणि आउटपुट काही सेकंद बिघाडाच्या पातळीवर राहू शकते. या वेळचे वाचन नोंदवू नये. दिवे स्थिरावल्यानंतर आणखी एक मिनिट थांबावे. ही प्रतीक्षा संपूनही लाल दिवा राहिला तर आधी पुरवठ्याचे व्होल्टेज थेट ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर मोजावे. पॅनेलमध्ये २४ व्होल्ट असूनही लांबच्या केबलच्या शेवटी ते पुरेसे नसल्याचे वारंवार आढळते.

संवादाच्या दिव्यांबद्दल थोडे. मॉडबस असलेल्या उपकरणात माहिती येण्याचा आणि जाण्याचा असे दोन लहान दिवे असतात. दोन्ही आळीपाळीने लुकलुकत असतील तर प्रश्न येत आहेत आणि उत्तरे जात आहेत. येण्याचा दिवा लुकलुकतो पण जाण्याचा अजिबात लागत नाही, याचा अर्थ तारेवर प्रश्न येत आहेत, परंतु उपकरण त्यांना आपले मानत नाही. पत्ता, वेग किंवा पॅरिटी (चूक ओळखण्याच्या बिटची सेटिंग) जुळत नसावी. दोन्ही विझलेले असतील तर केबल किंवा वरचा मास्टर (प्रश्न विचारणारे उपकरण) तपासावा.

रिकाम्या पाइपचा इशारा हा विद्युतचुंबकीय मीटरमध्ये सर्वांत जास्त वेळा भेटणारा इशारा आहे, आणि त्याचा अर्थही सर्वांत जास्त वेळा चुकीचा लावला जातो. हे मीटर फॅरेडेच्या १८३१ सालच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमावर चालते: चुंबकीय क्षेत्रातून वाहक द्रव गेला की त्याच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होते आणि पाइपच्या दोन बाजूंचे इलेक्ट्रोड ते टिपतात. म्हणून पाइप पूर्ण भरलेला हवा आणि द्रवातून वीज वाहायला हवी. सामान्यतः प्रति सेंटिमीटर ५ मायक्रोसिमेन्स एवढी वाहकता किमान मानली जाते. कृष्णेचे पाणी, उसाचा रस आणि सांडपाणी यांची वाहकता याच्या कितीतरी पट असते. पण बॉयलरसाठी क्षार काढून शुद्ध केलेले पाणी किंवा आसवनीतील स्पिरिट यांच्या पाइपवर हे मीटर बसवले, तर पाइप तुडुंब भरलेला असतानाही रिकाम्या पाइपचा दिवा लागू शकतो. तेथे दोष मीटरचा नसून निवडीचा असतो. उलट, रसाच्या पाइपवर हा दिवा अधूनमधून लागत असेल तर पाइपमध्ये वरच्या बाजूला हवा अडकते का, मीटर सर्वांत उंच जागी तर बसवलेला नाही ना, आणि इलेक्ट्रोडवर थर साचला आहे का, हे याच क्रमाने पाहावे. अर्धवट भरलेल्या पाइपमध्येही मीटर पाइप पूर्ण भरला आहे असेच गृहीत धरून हिशेब करतो, त्यामुळे वाचन खऱ्या प्रवाहापेक्षा जास्त येऊ शकते. ज्या मीटरमध्ये रस खालून वर चढतो, तेथे ही अडचण फारशी येत नाही.

तिसरी पायरी: पडद्यावरचा आकडा आणि त्याचे एकक

आकड्यापूर्वी एकक वाचावे. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले, हे सांगलीतले शाळकरी मूलही सांगते. पण जॅकवेलवरचा मीटर लिटर प्रति सेकंद दाखवतो, पंपाच्या पट्टीवर घनमीटर प्रति तास लिहिलेले असते आणि पाणीपुरवठ्याचा अहवाल दशलक्ष लिटर प्रतिदिन या एककात जातो. १ क्युसेक म्हणजे सुमारे २८.३ लिटर प्रति सेकंद, म्हणजेच सुमारे १०२ घनमीटर प्रति तास. १ दशलक्ष लिटर प्रतिदिन म्हणजे ४१.६७ घनमीटर प्रति तास. ही दोन रूपांतरे पाठ असली तर निम्मे वाद पॅनेलसमोरच मिटतात.

त्यानंतर आकडा पाइपला शोभतो का, ते पाहावे, आणि त्यासाठी वेग काढावा. आपण या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू: १५० मिलिमीटर व्यासाचा रसाचा पाइप, ट्रान्समीटरची मर्यादा ० ते २०० घनमीटर प्रति तास, आणि पडद्यावर १२० घनमीटर प्रति तास. १५० मिलिमीटर पाइपचे आतील क्षेत्रफळ सुमारे ०.०१७७ चौरस मीटर येते. १२० ला ३६०० ने भागले की ०.०३३३ घनमीटर प्रति सेकंद, आणि त्याला क्षेत्रफळाने भागले की वेग सुमारे १.९ मीटर प्रति सेकंद. पंपाच्या पाइपमध्ये १ ते ३ मीटर प्रति सेकंद हा नेहमीचा वेग असतो, म्हणून हा आकडा पटण्यासारखा आहे. त्याच पाइपवर ६०० घनमीटर दिसत असते तर वेग साडेनऊ मीटरच्या आसपास गेला असता, आणि मग दिवा कितीही हिरवा असला तरी व्यासाचा किंवा एककाचा आकडा मेन्यूत चुकीचा भरला आहे, असे समजून तपास सुरू करावा लागला असता.

पडद्यावरचे शून्यही तपासूनच मानावे. बहुतेक ट्रान्समीटरमध्ये अल्पप्रवाह खंड नावाची सोय असते: प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की उपकरण सरळ शून्य दाखवते, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना आकडा उगाच हलत राहत नाही. सोय चांगली आहे, पण पाणीपुरवठ्याच्या वाहिनीवर ती फार वर ठेवली तर रात्रीची गळती मोजलीच जात नाही. तसेच डॅम्पिंगचा, म्हणजे आकडा सावकाश बदलू देण्याचा, वेळ पाहावा. तो ५ सेकंद असेल तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर ५ सेकंदांत बदलाचा सुमारे ६३ टक्केच भाग दिसतो आणि आकडा जवळपास खाली यायला २५ सेकंद लागतात. तेवढ्यात कोणी मीटर अडकला असा निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी: ४ ते २० मिलिअँपिअर

पडद्यावरचा आकडा नियंत्रण कक्षात बहुतेक वेळा याच वाटेने जातो. शून्य प्रवाहाला ४ मिलिअँपिअर आणि पूर्ण मर्यादेला २० मिलिअँपिअर असतात. मधल्या आकड्यासाठी प्रवाहाला पूर्ण मर्यादेने भागावे, १६ ने गुणावे आणि ४ मिळवावेत. आपल्या उदाहरणात १२० भागिले २०० म्हणजे ०.६, त्याला १६ ने गुणून ९.६, आणि ४ मिळवून १३.६ मिलिअँपिअर. मोजलेल्या करंटवरून प्रवाह काढायचा असेल तर उलट चालावे: करंटमधून ४ वजा करून १६ ने भागावे आणि पूर्ण मर्यादेने गुणावे.

मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लूपची (येथे करंट वाहणाऱ्या दोन तारांच्या परिपथाची) एक वायर सोडवून मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून मध्ये जोडणे. हे करताना लाल प्रोब मिलिअँपिअरच्या भोकात आहे याची खात्री करावी आणि तो मीटर चुकूनही पुरवठ्याच्या दोन टर्मिनलांवर समांतर लावू नये. मीटरचा फ्यूज जातो, आणि पुढच्या वेळी तोच मीटर शून्य करंट दाखवून सगळ्यांची दिशाभूल करतो. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे: लूपमध्ये पॅनेलच्या बाजूला २५० ओहमचा रोधक असेल तर वायर न सोडवता त्याच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट येतात, आपल्या १३.६ मिलिअँपिअरला ३.४ व्होल्ट यायला हवेत. लूप तुटत नाही, म्हणून ऑपरेटरच्या पडद्यावर अलार्मही वाजत नाही.

चारच्या खाली आणि विसाच्या वर काय होते, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट ही धोका पातळी, आणि सांगलीकर या दोन खुणांची कधी गल्लत करत नाही. करंटच्या बाबतीतही तशाच दोन खुणा आहेत. नामूरच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा मोजमापाचा प्रदेश आहे. करंट २०.५ वर येऊन थांबला असेल तर प्रवाह मर्यादेबाहेर गेला आहे आणि उपकरण त्यापुढे दाखवू शकत नाही. उपकरण बिघडलेले नाही. करंट ३.६ किंवा त्याहून खाली, अथवा २१ किंवा त्याहून वर गेला असेल तर उपकरण स्वतःच बिघाड कळवत आहे. बिघाडात करंट खाली न्यायचा की वर, हे मेन्यूत निवडता येते, आणि आपल्या मीटरमध्ये काय निवडले आहे ते टॅगच्या नोंदीत लिहून ठेवावे. करंट अगदी शून्य असेल तर उपकरणाला दोष देण्याआधी वायर, फ्यूज आणि पुरवठा पाहावा, कारण चालू असलेला ट्रान्समीटर बहुधा थोडा तरी करंट सोडतोच.

पडदा आणि नियंत्रण कक्ष यांचे आकडे जुळत नसतील तर फरकाचा स्वभाव ओळखावा. एका हंगामात आमच्याकडे मिश्र रसाच्या मीटरवर १२० आणि नियंत्रण कक्षात ९० दिसत होते. रस कुठे तरी गळतो आहे या समजुतीने पाळीतल्या लोकांनी पाइपच्या फ्लँज तपासल्या. प्रवाह निम्मा करून पाहिल्यावर मीटरवर ६० आणि कक्षात ४५ आले. प्रत्येक वेळी तीन-चतुर्थांश. करंट १३.६ होता, म्हणजे ट्रान्समीटर बरोबर बोलत होता. त्याची मर्यादा दुरुस्तीच्या काळात २०० केली होती आणि पीएलसीमध्ये (पॅनेलमधल्या संगणकीय नियंत्रकात) जुनी १५० तशीच राहिली होती. फरक असा ठरावीक पटीत असेल तर दोन्ही बाजूंच्या मर्यादा जुळवाव्यात. फरक शून्य प्रवाहाला सर्वांत जास्त असेल आणि वर जाताना घटत जात असेल, तर पॅनेलचा इनपुट ४ ते २० ऐवजी ० ते २० वर ठेवला आहे का ते पाहावे. अशा वेळी बंद पाइपवरही पूर्ण मर्यादेच्या २० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० घनमीटर, दिसत राहतात.

पाचवी पायरी: हार्टमधून मिळणारी स्थिती

याच दोन तारांवर हार्ट हा डिजिटल संकेतही चालतो. १२०० आणि २२०० हर्ट्झ या दोन कंपनसंख्यांनी तो करंटवर स्वार होतो. त्याची सरासरी शून्य असल्यामुळे मिलिअँपिअरचे वाचन बिघडत नाही. हँडहेल्ड (हार्टने उपकरणाशी बोलणारे हातातले यंत्र) जोडण्यासाठी लूपमध्ये साधारण २५० ओहमचा रोध हवा, नाहीतर संवाद होत नाही आणि लोक हँडहेल्डलाच नादुरुस्त ठरवतात.

हार्टच्या प्रत्येक उत्तरासोबत उपकरणाची स्थिती सांगणारा एक बाइट येतो. त्यातील आठ खुणांपैकी तीन रोजच्या कामात जास्त उपयोगाच्या आहेत: करंट स्थिर केलेला आहे, करंट मर्यादेला टेकला आहे, आणि उपकरणाची रचना बदलली गेली आहे. पहिल्या खुणेविषयी आवर्जून सांगावेसे वाटते. कॅलिब्रेशन करताना ट्रान्समीटरला ठरावीक करंट, समजा १२ मिलिअँपिअर, सोडायला सांगतात. काम झाल्यावर ते सिम्युलेशन बंद करायचे राहून गेले तर नियंत्रण कक्षात रात्रभर नेमके ५० टक्के दिसत राहतात. पडद्यावर नारिंगी दिवा किंवा सी हे अक्षर असतेच, पण मिल हाउसमध्ये रात्री दोन वाजता ते पाहायला कोणी जात नाही. ऑपरेटरला यासाठी एक साधी खूण शिकवावी: जिवंत प्रवाहाचा आलेख थोडा तरी थरथरतो. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसली की इन्स्ट्रुमेंट विभागाला फोन करावा. रचना बदलल्याची खूण दिसली तर कोणी, कधी आणि काय बदलले याची विचारणा त्याच पाळीत व्हायला हवी.

सहावी पायरी: पल्स

एकूण किती रस किंवा पाणी गेले, याचा हिशेब करंटपेक्षा पल्समधून अधिक चोख होतो, कारण प्रत्येक पल्स म्हणजे ठरावीक लिटर. एका पल्सचे वजन १० लिटर ठेवले असेल तर १२० घनमीटर प्रति तास या प्रवाहाला तासाला १२,००० पल्स, म्हणजे सेकंदाला ३.३ पल्स येतील. घड्याळ लावून दहा मिनिटे मोजावे. काउंटर २,००० ने पुढे गेला पाहिजे.

पल्स कमी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पल्सची रुंदी. कोणी वजन १ लिटरवर आणले तर सेकंदाला ३३ पल्स होतात आणि प्रत्येकाला ३० मिलिसेकंदच मिळतात. रुंदी ५० मिलिसेकंद ठेवलेली असेल तर त्या बसणारच नाहीत. रुंदी कमी केली तरी पीएलसीचा साधा इनपुट एवढ्या वेगाच्या पल्स सोडून देऊ शकतो, म्हणून जलद काउंटरचा इनपुट वापरावा किंवा वजन वाढवावे. ओपन कलेक्टर आउटपुट स्वतः व्होल्टेज देत नाही; त्याला बाहेरून पुरवठा आणि पुल-अप रोधक द्यावा लागतो. पल्सचा दिवा लुकलुकतो पण काउंटर हलत नाही, तेव्हा ही जोडणी आधी पाहावी.

सातवी पायरी: मॉडबसची रजिस्टरे

स्काडाला (सगळे आकडे एका पडद्यावर आणणाऱ्या संगणक प्रणालीला) किंवा प्रदूषण मंडळाकडे जाणाऱ्या डेटा लॉगरला माहिती बहुतेक आरएस-४८५ या दोन तारांवरून मॉडबसने दिली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन देखरेख यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. साखर कारखाने आणि आसवन्या त्या यादीत आहेत. त्यामुळे सांडपाण्याच्या मीटरचे एक चुकीचे रजिस्टर (आकडा साठवण्याची क्रमांकित जागा) ही आता कारखान्याच्या आतली बाब राहिलेली नाही.

आधी पत्ता, वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट हे चारही मास्टर आणि ट्रान्समीटर यांत एकसारखे आहेत का, ते पाहावे. पत्ता १ ते २४७ मधला असतो आणि एका तारेवर दोन उपकरणांना एकच पत्ता कधीही देऊ नये. ए आणि बी या तारांची नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. बाकी सर्व जुळूनही उत्तर येत नसेल तर दोन तारा उलट करून पाहाव्यात. लांब केबलच्या दोन टोकांनाच १२० ओहमचे रोधक असावेत, मधल्या उपकरणांना नको.

उत्तर येऊ लागल्यावर खरी कसोटी लागते. पुस्तिकेत रजिस्टर ४०१०१ लिहिलेले असते आणि मास्टरमध्ये १०० टाकावे लागते, कारण तारेवरची मोजणी शून्यापासून होते. एकाने चुकले तर उपकरण बेकायदेशीर पत्त्याचा दोन क्रमांकाचा अपवाद कळवते किंवा, याहून वाईट, शेजारचा निरर्थक आकडा देते. प्रवाहाचा आकडा दोन रजिस्टरांत दशांश रूपात साठवलेला असतो आणि त्या दोन रजिस्टरांचा क्रम उत्पादकानुसार बदलतो. हे ओळखण्यासाठी ट्रान्समीटरमध्ये सिम्युलेशनने प्रवाह नेमका १०० करावा. दोन रजिस्टरे सुटी वाचल्यास त्यांत १७०९६ आणि ० दिसले पाहिजेत. मास्टरने क्रम उलटा लावला तर आकडा इतका सूक्ष्म होतो की स्काडावर ० दिसतो. दोन्ही मिळून पूर्णांक म्हणून वाचले तर १,१२,०४,०३,४५६ असा अवाढव्य आकडा येतो. दिसणाऱ्या चुकीवरूनच दुरुस्ती कोठे करायची ते कळते. त्यानंतर सिम्युलेशन बंद करावे आणि बंद केल्याची नोंद करावी. ही सूचना मी दुसऱ्यांदा देत आहे, कारण ती तितक्या वेळा विसरली जाते.

मॉडबसमध्ये प्रवाहासोबत स्थितीचे रजिस्टरही असते आणि ते वाचून स्काडावर दाखवावेच. संवाद तुटल्यावर अनेक प्रणाली शेवटचा आकडा पडद्यावर तसाच गोठवून ठेवतात. त्यामुळे आकड्याशेजारी शेवटचे उत्तर किती सेकंदांपूर्वी आले, तेही दिसले पाहिजे.

आठवी पायरी: एकाच मिनिटातले पाच आकडे

आता दोन माणसे लागतात, एक मीटरपाशी आणि एक नियंत्रण कक्षात. फोन चालू ठेवून एकाच मिनिटात पडदा, करंट, कक्षातील आकडा आणि मॉडबसचा आकडा लिहावा, आणि त्यासोबत लगतच्या दहा मिनिटांतील पल्स लिहाव्यात. आपल्या उदाहरणात त्या ओळीत १२०, १३.६, १२०, १२० आणि २,००० असे आकडे येतील. एक वेगळा पडला तर त्याच वाटेचा दोष. पाचही जुळले तरी ते सगळे एकाच सेन्सरची साक्ष देत असतात, म्हणून शक्य असेल तेथे टाकीवरून पडताळणी करावी: ज्ञात क्षेत्रफळाच्या टाकीत दहा मिनिटांत पातळी किती चढली ते मोजून घनफळ काढावे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, पाइप भरलेला ठेवून शून्यही पाहावे. आकडा विनाकारण नाचत असेल तर अर्थिंग आणि जवळून जाणाऱ्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबल तपासाव्यात. पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइपवर मीटरला अर्थिंग रिंग लागतात आणि पैसे वाचवण्यासाठी त्या वगळलेल्या मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाच पट आणि नंतर दोन ते तीन पट सरळ पाइप आहे का, हेही डोळ्यांनी मोजून घ्यावे.

नोंद पाळीच्या वहीत अशी असावी की सकाळी आठला येणाऱ्या माणसाला काही विचारावे लागू नये: वेळ, टॅग, प्रत्येक दिव्याचा रंग आणि वागणूक, पाच आकडे, टोटलायझर (आतापर्यंतचा एकूण आकडा), आणि बदललेली प्रत्येक सेटिंग आधीच्या मूल्यासह.

पुराच्या पाण्यात गेलेला ट्रान्समीटर

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कृष्णाकाठी हा भाग वगळता येत नाही. आयपी ६७ दर्जाचे उपकरण १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकेल एवढीच हमी असते. जॅकवेलमध्ये दोन-तीन दिवस बुडालेल्या मीटरला ती लागू नाही. पाणी ओसरताच दिवा लागतो का पाहण्यासाठी पुरवठा देऊ नये. पुरवठ्याचा एमसीबी पाडून, वायर सोडवून, ट्रान्समीटर काढून कोरड्या जागी उघडावा, केबल ग्लँडमध्ये गाळ आणि पाणी आहे का ते पाहावे. केबल आणि सेन्सरच्या कॉइलचा इन्सुलेशन रोध मेगरने मोजावा, पण त्याआधी इलेक्ट्रॉनिक भाग पूर्णपणे वेगळा केलेला असावा, नाहीतर मेगरचे व्होल्टेजच त्याला संपवते. सर्व कोरडे आणि रोध समाधानकारक असेल तरच पुरवठा द्यावा, स्वतःची तपासणी संपेपर्यंत दिवे पाहावेत, टोटलायझरचा आकडा पुरापूर्वीच्या शेवटच्या नोंदीशी ताडून पाहावा आणि मग पहिल्या पायरीपासून सर्व वाचन पुन्हा घ्यावे.